मानवी भ्रूण मूलपेशी : प्रयोगशाळेतील निर्मिती, संवर्धन आणि त्यासंबंधीचे काही प्रश्न

प्रास्ताविक

६ नोव्हेंबर १९९८ रोजी 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात अवघ्या तीन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवून त्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविल्याचे त्यात नमूद केले होते. त्यानंतर या विषयावर जेवढे लिहिले गेले, तेवढे अलीकडच्या काळात जीवशास्त्रातील फार थोड्या विषयांवर लिहिले गेले असेल. त्यातील बराचसा मजकूर मात्र दोन टोकांचा आहे. एका बाजूस सर्व असाध्य व्याधींवर उपाय सापडल्याचा जयघोष, तर दुसऱ्या बाजूस मानवी भ्रूणाचा नाश केल्याचा आक्षेप. या पेशी प्रत्यक्षात काचेच्या ताटलीत येतात कशा, आल्यावर टिकतात कशा आणि टिकविताना त्यांच्यात काय बदल होतात, हा मधला भाग बहुधा वगळला जातो.

आपल्या प्राणिशास्त्र व जैवतंत्रज्ञानाच्या वर्गांतही स्थिती फारशी निराळी नाही. विद्यार्थ्याला मूलपेशीची व्याख्या पाठ असते, पण ती पेशी रोज सकाळी कोणाला तरी खाऊपिऊ घालावी लागते हे त्याला ठाऊक नसते. प्रक्रियेचे ज्ञान नसेल तर तिच्या नीतीविषयीचे मत आणि उपचारांच्या दाव्याविषयीचा विश्वास, हे दोन्ही हवेत राहतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. म्हणून या लेखात मुख्य भर पद्धतीवर दिला आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

मराठीत 'स्टेम सेल' या संज्ञेसाठी मूलपेशी, मूळपेशी, स्कंधपेशी, स्तंभपेशी असे निरनिराळे शब्द वापरलेले आढळतात. मूळ शब्दातील 'स्टेम' म्हणजे झाडाचे खोड. ज्यापासून फांद्या फुटतात ते. त्या दृष्टीने 'स्कंधपेशी' हा अधिक नेमका शब्द होय. 'मूलपेशी' या शब्दात मराठी कानाला 'मूल' म्हणजे अपत्य असाही अर्थ ऐकू येतो, आणि भ्रूणाच्या संदर्भात तो विनाकारण गोंधळ घालतो. तथापि हा शब्द आता रूढ झाला असल्याने येथे तोच स्वीकारला आहे. तसेच एकाच भ्रूणापासून उगम पावलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या संवर्धनात चालू राहिलेल्या पेशींच्या परंपरेस 'पेशीवंश' म्हटले आहे.

मूलपेशीची दोन लक्षणे सांगितली जातात : स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करणे आणि योग्य संकेत मिळताच अन्य प्रकारच्या पेशींत रूपांतरित होणे. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तातील विविध पेशी घडवितात, पण त्यांची मर्यादा तेथेच संपते. भ्रूण मूलपेशी बहुविधक्षम असतात. बाह्यस्तर, मध्यस्तर व अंतःस्तर या तिन्ही आद्यस्तरांतील कोणत्याही पेशी त्यांच्यापासून होऊ शकतात. फलित अंडपेशीप्रमाणे त्या सर्वक्षम मात्र मानल्या जात नाहीत. एकट्या भ्रूण मूलपेशीपासून गर्भ निर्माण होत नाही. हा भेद परीक्षेतील एका गुणाचा नसून नीतिविषयक साऱ्या चर्चेचा पाया आहे.

उंदरापासून माणसापर्यंत

या विषयाची सुरुवात भ्रूणापासून नव्हे, तर एका विचित्र अर्बुदापासून झाली. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत लेरॉय स्टीव्हन्स यांना १९५० च्या दशकात '१२९' नावाच्या वाणाच्या नर उंदरांच्या वृषणांत केस, स्नायू, कूर्चा अशा ऊतींची खिचडी असलेल्या गाठी आढळल्या. अशा गाठींना टेराटोमा म्हणतात. १९६४ मध्ये क्लाइनस्मिथ व पिअर्स यांनी अशा कर्करोगी गाठीतील एकच पेशी घेऊन ती दुसऱ्या उंदरात घातली असता पुन्हा नाना ऊतींची गाठ निर्माण होते, असे दाखवून दिले. म्हणजे त्या गाठीत एखादी 'मूळ' पेशी असली पाहिजे. मग तशीच पेशी निरोगी भ्रूणातून का मिळू नये? १९८१ मध्ये केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि कॅलिफोर्नियात गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे ती उंदराच्या भ्रूणातून मिळविली. 'भ्रूण मूलपेशी' ही संज्ञा गेल मार्टिन यांचीच. इव्हान्स यांना पुढे २००७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

उंदीर ते मानव हे अंतर कापण्यास १७ वर्षे लागली. मानवी भ्रूण दुर्मीळ, आणि तो पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत शरीराबाहेर वाढविण्याची माध्यमे १९९० च्या दशकातच सुधारली. अमेरिकेत तर मानवी भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनास संघराज्याचा निधी देण्यास १९९६ पासून बंदी होती. थॉमसन यांना सरकारी पैशाचा स्पर्शही नसलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत काम करावे लागले, व खर्चाचा भार विद्यापीठाच्या वर्तुळातील खासगी निधीने आणि जेरॉन या कंपनीने उचलला. यापूर्वी १९९४ मध्ये सिंगापूर येथे श्रीलंकेत जन्मलेले संशोधक आरिफ बोंगसो यांनी मानवी भ्रूणातील अंतःपेशीपुंज वेगळा करून त्यातील पेशी दोन उपसंवर्धनांपर्यंत टिकविल्या होत्या. तेथपासून पुढे त्या टिकल्या नाहीत, एवढ्यावरून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून गळावे हे न्याय्य वाटत नाही. थॉमसन यांनी स्वतः आधी १९९५ मध्ये ऱ्हीसस माकडाच्या भ्रूण मूलपेशी मिळवून हात बसविला होता. माकडातील अनुभव हा मानवी यशाचा खरा पूर्वाभ्यास होय.

भ्रूणापासून ताटलीपर्यंत

वंध्यत्वावरील उपचारात शरीरबाह्य फलनासाठी एका वेळी अनेक अंडपेशी मिळवून त्या फलित केल्या जातात. त्यांपैकी एक-दोन भ्रूण गर्भाशयात सोडतात. उरलेले द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानास गोठवून ठेवतात. दांपत्याला अपत्य झाल्यानंतर हे भ्रूण 'अतिरिक्त' ठरतात. त्या दोघांच्या लेखी संमतीने संशोधनास दिलेले असे भ्रूण हा या पेशींचा मुख्य स्रोत होय.

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण कोरकपुटी अवस्थेत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट अवस्थेत असतो. सुमारे १०० ते २०० पेशींची ही पोकळ गोळी डोळ्याला टिंबाएवढीही दिसत नाही. तिचा बाहेरचा एकपदरी थर म्हणजे ट्रोफेक्टोडर्म. यापासून पुढे अपरेचा भाग बनतो. आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा लहानसा झुबका म्हणजे अंतःपेशीपुंज. यापासून गर्भाचे शरीर घडते. सर्वांभोवती झोना पेलुसिडा हे पारदर्शक कवच असते. मूलपेशी हव्यात त्या अंतःपेशीपुंजातील. ट्रोफेक्टोडर्मच्या पेशी सोबत राहिल्या तर त्या झपाट्याने पसरून मधल्या पेशींना वाढू देत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न या दोहोंना वेगळे करण्याचा.

थॉमसन यांनी त्यासाठी वापरलेली पद्धत प्रतिरक्षा-शस्त्रक्रिया म्हणून ओळखली जाते. सोल्टर व नोल्स यांनी ती १९७५ मध्ये उंदराच्या भ्रूणासाठी शोधली होती. तिची युक्ती फार सुंदर आहे. प्रथम प्रोनेज या विकराने कवच विरघळवितात. नंतर मानवी पेशींविरुद्ध सशाच्या शरीरात तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या द्रावणात भ्रूण ठेवतात. ट्रोफेक्टोडर्मच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की प्रतिपिंडे आत शिरूच शकत नाहीत, ती केवळ बाहेरच्या थरास चिकटतात. भ्रूण धुऊन गिनिपिगच्या रक्तद्रवात ठेवला की त्यातील पूरक प्रथिने प्रतिपिंड चिकटलेल्या पेशींनाच छिद्रे पाडून मारतात. आतील पुंज सुरक्षित राहतो. बारीक नळीतून भ्रूण वरखाली ओढला की मेलेला थर सुटून पडतो. शस्त्र न लावता केलेली ही शस्त्रक्रिया भ्रूणाच्या स्वतःच्या रचनेचाच उपयोग करून घेते.

या पद्धतीत प्राण्यांचे रक्तद्रव वापरावे लागतात, हा तिचा दोष पुढे महत्त्वाचा ठरला. म्हणून नंतर सूक्ष्म सुयांनी अंतःपेशीपुंज कापून काढणे, लेसर किरणाने ट्रोफेक्टोडर्म छेदणे किंवा कवच काढलेला संपूर्ण भ्रूणच ताटलीत बसविणे, अशा पद्धती आल्या.

वेगळा केलेला पुंज फीडर पेशींच्या थरावर ठेवतात. एक-दोन दिवसांत तो चिकटतो व त्यातून पेशींची वाढ बाहेर पसरू लागते. ९ ते १५ दिवसांनंतर ही वाढ लहान तुकड्यांत विलग करून ताज्या फीडर थरावर लावतात. उगवलेल्या वसाहतींपैकी योग्य त्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी निवडतात. चपटी, दाट, काठ रेखीव असलेली वसाहत, मोठे केंद्रक, ठळक केंद्रिका आणि भोवती अगदी थोडा पेशीद्रव, ही चांगली लक्षणे. काठ विस्कटलेला, मध्यभाग पिवळसर वा उंचावलेला दिसला की विभेदन सुरू झाले असे समजावे. ही नजर पुस्तकाने येत नाही.

थॉमसन यांचे आकडे येथे देणे उचित ठरेल, कारण त्यांवरून यशाचे प्रमाण कळते. दान मिळालेल्या ३६ भ्रूणांपैकी २० कोरकपुटी अवस्थेला पोचले. त्यांतून १४ अंतःपेशीपुंज वेगळे झाले आणि त्यांपासून ५ पेशीवंश प्रस्थापित झाले : एच१, एच७, एच९, एच१३ व एच१४. पैकी एच७ व एच९ स्त्रीलिंगी, इतर पुल्लिंगी.

येथे एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. भ्रूण मूलपेशी भ्रूणातून 'काढल्या' असे आपण सहज म्हणतो, पण ज्या रूपात त्या ताटलीत असतात त्या रूपात भ्रूणात त्या नसतात. भ्रूणातील अंतःपेशीपुंज ही काही दिवसांची क्षणिक अवस्था होय. त्या पेशी लगेच पुढच्या वाटेला लागतात. अमर्याद विभाजनाचा गुण संवर्धनातच प्रकट होतो. वाहत्या नदीतील एखादी लाट अडवून तिला तळे बनवावे, तसा हा प्रकार आहे. तळे नदीच्याच पाण्याचे, पण ते नदी नव्हे.

पोषण आणि संगोपन

फीडर थर म्हणजे ज्यांचे विभाजन थांबविले आहे अशा जिवंत पेशींचे बिछाने. सामान्यतः १२ ते १४ दिवसांच्या उंदराच्या गर्भातील तंतुजनक पेशी यासाठी घेतात आणि गॅमा किरणांनी किंवा मायटोमायसिन-सी या औषधाने त्यांची विभाजनक्षमता नष्ट करतात. त्या जिवंत राहून वाढीचे घटक स्रवतात, पण संख्येने वाढत नाहीत. एक-दोन आठवड्यांत थर निकामी होतो, म्हणून नवे थर सतत तयार ठेवावे लागतात.

आरंभी माध्यमात २० टक्के गर्भस्थ वासराचा रक्तद्रव असे. रक्तद्रवाची प्रत्येक खेप वेगळी निघते आणि एखाद्या खेपेत पेशी विभेदनाकडे वळतात. २००० मध्ये मिशाल अमित व सहकाऱ्यांनी रक्तद्रवाऐवजी निश्चित घटकांचे पर्यायी मिश्रण आणि त्यात मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम मूलभूत तंतुजनक वृद्धिघटक वापरून पेशी वाढविल्या. हीच पद्धत पुढे अनेक वर्षे सर्वत्र चालली. याखेरीज ग्लुटामिन, अनावश्यक अमिनो आम्ले व बीटा-मरकॅप्टोइथेनॉल हे घटक माध्यमात असतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर आर्द्रता असलेल्या उबवणी यंत्रात ताटल्या ठेवतात. पारंपरिक पद्धतीत माध्यम रोज बदलावे लागते. दिवाळीची सुट्टी या प्रयोगशाळेस नसते.

साधारण ५ ते ७ दिवसांनी वसाहती मोठ्या होऊन एकमेकींना भिडू लागतात, तेव्हा उपसंवर्धन करावे लागते. उंदराच्या भ्रूण मूलपेशी ट्रिप्सिनने सुट्या केल्या तरी त्या निमूट वाढतात. मानवी पेशी सुट्या केल्या की जवळजवळ सर्व मरतात. म्हणून काचेच्या ओढलेल्या नळीने वसाहतीचे चौकोनी तुकडे करणे किंवा कोलॅजिनेज विकराने वसाहत उचलून तिचे लहान गट करणे, हाच मार्ग होता. एका तुकड्यात ५० ते १०० पेशी असल्या म्हणजे बरे. तुकडा फार मोठा असेल तर मध्यभागी विभेदन होते, फार लहान असेल तर तो मरतो.

हा मृत्यू का होतो याचा उलगडा जपानमधील योशिकी सासाई यांच्या गटाच्या २००७ मधील कामामुळे होऊ लागला. शेजारणीपासून तुटलेल्या मानवी पेशीत 'रॉक' नावाचे विकर अतिक्रियाशील होते. त्यामुळे पेशीच्या आतील आकुंचक तंतू ताणले जातात, पेशीचे पटल बुडबुड्यांसारखे फुगू लागते आणि अखेर ती मरते. या विकरास रोखणारे वाय-२७६३२ हे संयुग माध्यमात घातले असता एकेकट्या पेशीपासून वसाहत उगवण्याचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावरून सुमारे २७ टक्क्यांपर्यंत वाढले. एका लहान रेणूने हाताच्या कौशल्याचे ओझे हलके केले, असे म्हणता येईल.

उंदीर व मानव यांतील फरक येथेच थांबत नाही. उंदराच्या पेशींना अविभेदित ठेवणारा घटक म्हणजे ल्युकेमिया-रोधक घटक. तो १९८८ मध्ये ओळखला गेला, आणि मानवी पेशींनाही तो पुरेल अशी साहजिक अपेक्षा होती. तो पुरला नाही. मानवी पेशींस तंतुजनक वृद्धिघटक व ॲक्टिव्हिन यांचे संकेत लागतात. याचे कारण २००७ मध्ये दोन गटांच्या संशोधनातून पुढे आले. गर्भाशयात रुजल्यानंतरच्या उंदराच्या भ्रूणातून मिळविलेल्या पेशी मानवी भ्रूण मूलपेशींशी अधिक मिळत्याजुळत्या निघाल्या. अर्थात मानवी पेशी विकासाच्या किंचित पुढच्या पायरीवर थांबलेल्या आहेत. प्रजातीचा फरक म्हणून जे वाटत होते त्याचा मोठा भाग अवस्थेचा फरक होता.

प्राणिजन्य घटकांची अडचण

मानवी रुग्णात ज्या पेशी घालावयाच्या त्या उंदराच्या पेशींवर व वासराच्या रक्तद्रवात वाढलेल्या असणे, हे उघडच धोक्याचे. २००१ मध्ये जेरॉनच्या संशोधकांनी मॅट्रिजेल या लेपावर आणि फीडर पेशींच्या सहवासात ठेवलेल्या माध्यमात पेशी वाढवून ताटलीतून फीडर थर हटविला. तथापि मॅट्रिजेल स्वतःच उंदराच्या अर्बुदापासून काढलेले असते. रक्तद्रवाच्या पर्यायी मिश्रणातही गाईचे अल्ब्युमिन असतेच. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले की अशा संवर्धनातील मानवी भ्रूण मूलपेशी मानवेतर सस्तन प्राण्यांतील एक सियालिक आम्ल माध्यमातून उचलून आपल्या पृष्ठभागावर मिरवितात. मानवात हे आम्ल बनविणारे जनुक निकामी झालेले आहे आणि बहुतेकांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणजे पेशी मानवी असूनही शरीर तिला परकी मानण्याचा संभव.

२००६ मध्ये विस्कॉन्सिन येथील लुडविग व सहकाऱ्यांनी पूर्णतः ज्ञात घटकांच्या माध्यमात, प्राणिजन्य पदार्थांशिवाय दोन नवे पेशीवंश मिळविले. ही मोठी कामगिरी होती. परंतु दोन्ही वंशांत गुणसूत्रांची विकृती आढळली. एकात लिंगगुणसूत्र अधिक होते, तर दुसऱ्यात कालांतराने बारावे गुणसूत्र तिसऱ्यांदा आले. पुढे २०११ मध्ये केवळ आठ घटकांचे माध्यम आले, तसेच मॅट्रिजेलऐवजी व्हिट्रोनेक्टिन व लॅमिनिन ही शुद्ध प्रथिने वापरात आली.

ओळख पटविणे

मिळालेली पेशी भ्रूण मूलपेशीच आहे हे कसे ठरवावे? पृष्ठभागावरील एसएसईए-३, एसएसईए-४, टीआरए-१-६० व टीआरए-१-८१ ही चिन्हे, अल्कलाइन फॉस्फेटेजची क्रियाशीलता, केंद्रकातील ऑक्ट-४, नॅनॉग व सॉक्स-२ ही प्रथिने, आणि टेलोमरेजची उच्च पातळी, या नेहमीच्या कसोट्या होत. एसएसईए-१ हे चिन्ह उंदराच्या पेशींवर असते, मानवी अविभेदित पेशींवर नसते. उंदरावरून मानवाबाबत अनुमान काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चिन्हे हा केवळ पेहराव झाला. क्षमता सिद्ध करण्यासाठी पेशी ताटलीस चिकटू न देता तरंगत ठेवतात. मग त्यांचे गोळे बनून तिन्ही आद्यस्तरांच्या पेशी त्यांत दिसू लागतात. दुसरी कसोटी म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात पेशी टोचून टेराटोमा होतो का ते पाहणे. उंदराच्या पेशींची अंतिम परीक्षा निराळी : त्या दुसऱ्या उंदराच्या कोरकपुटीत टोचून त्यांपासून मिश्र पेशींचे पिल्लू जन्मास येते का, ही. मानवात हा प्रयोग अर्थातच वर्ज्य आहे. म्हणजे मानवी भ्रूण मूलपेशीची बहुविधक्षमता आपण सर्वांत कठोर कसोटीवर कधीच घासलेली नाही, आणि घासणारही नाही.

ताटलीतील उत्क्रांती

प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर, तरीही सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग हा आहे. या पेशींना 'अमर' म्हणतात. पण अमर राहणारी गोष्ट बदलतही राहते. कोट्यवधी विभाजनांत काही पेशींत चुका होतात. त्यांपैकी एखादी चूक त्या पेशीस थोडे अधिक जगवणारी असेल, तर काही पिढ्यांत तिचीच संतती सर्व ताटली व्यापते. डार्विनला बेटांवर जे दिसले ते येथे एका उबवणी यंत्रात घडते. २००४ मध्ये शेफील्ड येथील पीटर अँड्र्यूज यांच्या गटासह काही संशोधकांनी बाराव्या व सतराव्या गुणसूत्राचा भाग वारंवार वाढलेला आढळतो असे दाखवून दिले. २०११ मध्ये अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून १२५ भ्रूण पेशीवंश तपासले. त्यात विसाव्या गुणसूत्रावरील एका लहान भागाची वाढ २० टक्क्यांहून अधिक वंशांत आढळली. त्याच भागात पेशीमृत्यू रोखणारे बीसीएल२एल१ हे जनुक आहे, हा योगायोग नव्हे.

अडचण अशी की बदललेल्या पेशी दिसायला वाईट नसतात. उलट त्या लवकर वाढतात, उपसंवर्धनात कमी मरतात, हाताळायला सोप्या होतात. संवर्धन 'छान चालू लागले' असे जेव्हा वाटते, नेमकी तेव्हाच शंका घ्यावी. नेहमीच्या गुणसूत्र-परीक्षणात लहान वाढ दिसतही नाही, त्यासाठी अधिक सूक्ष्म तपासणी लागते. म्हणून आरंभीच्या पिढ्यांतील पेशी भरपूर प्रमाणात गोठवून ठेवणे आणि ठरावीक उपसंवर्धनांनंतर चालू संवर्धन टाकून देऊन पुन्हा जुन्या कुपीकडे वळणे, ही शिस्त पाळावी लागते. कोणत्याही शोधनिबंधात पेशी कितव्या उपसंवर्धनातील होत्या हे लिहिलेले नसेल, तर त्याच्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे.

भारतीय संदर्भ

९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी त्या तारखेपूर्वी निर्माण झालेल्या पेशीवंशांपुरताच संघराज्याचा निधी मिळेल असे जाहीर केले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातील दहा वंशांची नोंद होती : मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात व बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन. आपल्याकडे त्याचे कौतुक झाले, ते स्वाभाविकही होते. परंतु यादीतील साठाहून अधिक नोंदींपैकी प्रत्यक्ष वितरणास उपलब्ध झालेले वंश वीस-बावीसच राहिले, व त्यांत भारतातील एकही नव्हता. वंश 'मिळविणे' आणि तो इतरांस देता येईल इतका टिकविणे, यांतील अंतर याहून स्पष्ट करणारे उदाहरण नाही.

नंतरचे काम अधिक भक्कम आहे. २००९ मध्ये मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील दीपा भारतीया व सहकाऱ्यांनी काइंड-१ व काइंड-२ हे दोन वंश संस्थेतच तयार केलेल्या मानवी फीडर पेशींवर मिळविले. त्या कामात इंदिरा हिंदुजा यांचाही सहभाग होता. १९८६ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जो जन्म झाला, तो त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होते. २००९ मध्येच बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील मनीषा इनामदार यांच्या गटाने उपचारासाठी निरुपयोगी ठरलेल्या निकृष्ट प्रतीच्या भ्रूणांपासून दोन भावंड-वंश मिळविल्याचे प्रसिद्ध केले. टाकून द्यावयाच्या भ्रूणापासूनही सशक्त पेशी मिळू शकतात, हे त्यातून दिसले.

स्थानिक वंशांची गरज केवळ अभिमानापोटी नाही. जगभरच्या शोधनिबंधांत एच१ व एच९ हेच वंश पुनःपुन्हा येतात, आणि २०१० च्या सुमारास झालेल्या जनुकीय तपासण्यांत उपलब्ध वंश मुख्यतः युरोपीय व मध्यपूर्वेच्या वंशपरंपरेचे आढळले. औषधांची विषाक्तता अशा पेशींवर तपासली जात असेल, तर भारतीय लोकसमूहांचे वैविध्य त्यात नसणे ही उणीव होय.

नियमनाच्या बाबतीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती २०१३ व २०१७ मध्ये सुधारण्यात आली. नवा वंश निर्माण करण्यास संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची व नीतिसमितीची पूर्वमान्यता लागते, आणि भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढविण्यास मनाई आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान विनियमन अधिनियम, २०२१ नुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठविता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस द्यावा लागतो. कागदावर हे नीट आहे. पण वंध्यत्वाने खचलेले, कर्ज काढून उपचार घेणारे दांपत्य आपल्या डॉक्टरसमोर बसून इंग्रजी मसुद्यावर सही करते, तेव्हा त्या संमतीत स्वेच्छा किती आणि भीड किती, हे तपासणारे कोणी नसते. उपचार करणारा डॉक्टर आणि पेशी मिळविणारा संशोधक वेगळे असावेत, हा संकेत म्हणूनच केवळ औपचारिक नाही. संमतिपत्र मराठीत असावे, आणि या पेशी दात्यांच्या मृत्यूनंतरही परदेशांतील प्रयोगशाळांत वाढत राहू शकतात हे त्यात साध्या शब्दांत लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

पुढील वाटचाल आणि उपचारांचे दावे

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवी त्वचेतील पेशींत चार घटक घालून त्यांना भ्रूण मूलपेशींसारखे रूप दिले. या प्रेरित मूलपेशींस भ्रूण लागत नाही. त्यामुळे भ्रूण मूलपेशी कालबाह्य झाल्या, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. ते घाईचे आहे. प्रेरित पेशी किती 'खऱ्या' आहेत हे ठरविण्याचा मापदंड भ्रूण मूलपेशीच होत्या, आणि माध्यमे, लेप, उपसंवर्धनाच्या रीती यांची बहुतेक विद्या भ्रूण मूलपेशींवरच घडली.

उपचारांकडे पाहता प्रगती संथ, पण खरी आहे. जेरॉनने २०१० मध्ये मज्जारज्जूच्या इजेवर पहिली मानवी चाचणी सुरू केली आणि २०११ मध्ये आर्थिक कारण देऊन ती थांबविली. २०१२ मध्ये दृष्टिपटलाखालील रंजक पेशींच्या प्रत्यारोपणाचे पहिले निष्कर्ष आले. २०२५ मध्ये कंपवाताच्या १२ रुग्णांच्या मेंदूत भ्रूण मूलपेशींपासून बनविलेल्या चेतापेशींच्या पूर्वजपेशी घातल्याचा, व त्या सुरक्षित आढळल्याचा, अहवाल प्रसिद्ध झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यांपैकी कोठेही मूलपेशी जशाच्या तशा रुग्णास दिलेल्या नाहीत. तसे केल्यास टेराटोमाच होईल. प्रथम त्यांचे विभेदन करून, अविभेदित पेशी उरल्या नाहीत याची खात्री करून मगच त्या दिल्या जातात.

याउलट आपल्या शहरांत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मधुमेह, गुडघेदुखी अशा सर्वांवर 'स्टेम सेल थेरपी' देणारी केंद्रे जाहिराती करतात. तेथे दिल्या जाणाऱ्या पेशी बहुधा रुग्णाच्याच मज्जेतील वा चरबीतील असतात, पण जाहिरातीतील भाषा भ्रूण मूलपेशींच्या क्षमतेची असते. एका पेशीचे गुण दुसरीच्या नावावर खपविले जातात. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्तविकार इत्यादींसाठीच्या मान्य मज्जा-प्रत्यारोपणाखेरीज मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी रुग्णाकडून शुल्क घेणे अपेक्षित नाही. विद्यार्थी वा त्याचे पालक अशी जाहिरात घेऊन प्राध्यापकाकडे आले, तर विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत : पेशी कोणत्या स्रोतातील, विभेदित की अविभेदित, कितव्या उपसंवर्धनातील, गुणसूत्रे केव्हा तपासली, आणि भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीतील क्रमांक कोणता. ही नोंदणी २००७ पासून सुरू असून तिचे संकेतस्थळ कोणासही विनामूल्य पाहता येते. केंद्राने दिलेला क्रमांक तेथे सापडतो की नाही, हे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर पाच मिनिटांत पाहून घेता येते.